सत्तावीस खाटांचे इस्पितळ

नागपूरकडच्या माणसाजवळ 'मेयो' हा शब्द काढला की त्याच्या डोळ्यांपुढे तिथले सरकारी इस्पितळ उभे राहते. १८७२ साली अंदमानात मारला गेलेला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो, त्याच्या नावाचे ते. वाचनाची आवड असलेल्या वडीलधाऱ्यांना 'मेयो' म्हटले की कॅथरिन मेयो आठवते. १९२७ साली 'मदर इंडिया' हे पुस्तक लिहून साऱ्या हिंदुस्थानाचा रोष जिने ओढवून घेतला ती. आज आपल्याला ज्या मेयोंच्या गावी जायचे आहे ते ह्या दोघांहून निराळे. ते डॉक्टर होते, बाप आणि दोन मुलगे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाच्या गावी त्यांचा व्यवसाय होता, आणि त्यांच्या नावाची 'मेयो क्लिनिक' ही संस्था आज जगभर ठाऊक आहे.

पण खरे सांगायचे तर ही गोष्ट मेयोंची नाहीच. मेयो तीत आहेत, आणि मोठ्या मानाने आहेत. मात्र ज्या इस्पितळात त्या दोन भावांनी नाव कमावले ते त्यांनी बांधलेले नव्हते, त्यांच्या मालकीचेही नव्हते, आणि त्यांच्या वडिलांचे मत तर ते बांधण्याच्या अगदी विरुद्ध होते. ते बांधले शाळा चालवणाऱ्या काही कॅथलिक धर्मभगिनींनी. इस्पितळाचे नाव सेंट मेरीज. जगाने नाव लक्षात ठेवले डॉक्टरांचे, हे रीतीप्रमाणेच झाले. आपण जरा दुसऱ्या बाजूने बघू.

रॉचेस्टर हे त्या काळी पाचसहा हजार वस्तीचे गाव. भोवती शेते, मधून वाहणारी झुंब्रो नावाची लहानशी नदी, आगगाडीचे स्टेशन, बाजार. इस्पितळ नव्हते, आणि ते नाही ह्याचे कोणाला काही वाटतही नव्हते. २१ ऑगस्ट १८८३ ह्या दिवशी संध्याकाळी तिथे टॉर्नेडो आला. आपल्या कोकणपट्टीला चक्रीवादळ माहीत आहे, पण ते समुद्रावरून येते, येण्याआधी दोन दिवस आभाळ सांगत असते. टॉर्नेडो म्हणजे एक राक्षसी वावटळ. काळ्या ढगाची सोंड जमिनीला टेकते आणि काही मिनिटांत एक पट्टाच्या पट्टा पुसून निघून जाते. रस्त्याच्या ह्या बाजूचे घर जागच्या जागी, आणि त्या बाजूच्या घराचा पाया तेवढा शिल्लक, असा तो प्रकार. रॉचेस्टरचा उत्तरेकडचा भाग असाच गेला. त्या दिवशीच्या वादळात ३७ माणसे दगावली आणि दोनशेच्या वर जखमी झाली.

मेयो बंधूंपैकी थोरला विल्यम त्याच वर्षी डॉक्टर होऊन घरी आला होता. धाकटा चार्ल्स अजून वैद्यकाच्या कॉलेजात जायचा होता. त्या संध्याकाळी दोघे गावाबाहेरच्या खाटिकखान्याकडे निघाले होते म्हणतात. कशाला? तर डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा हात बसावा म्हणून मेंढीचे डोके आणायला. घोडागाडी हाकता हाकता मागे वळून पाहतात तो आभाळ काळेठिक्कर. दोघे कसेबसे वाचले आणि रात्रभर जखमींमध्ये राबले.

जखमींना ठेवायचे कुठे, हा पहिला प्रश्न. कोणी घरात घेतले, कोणी हॉटेलात, आणि उरलेल्यांसाठी गावातले नाचघर रिकामे करून तिथे खाटा टाकल्या. देखरेख आली बापाकडे, डॉ. विल्यम वॉरल मेयोंकडे. हे मूळचे इंग्लंडातले, त्या वेळी ६४ वर्षांचे, तापट आणि कामाला वाघ. गावच्या बायका शुश्रूषेला धावून आल्या, पण येणार त्या आपापल्या सोयीने; ज्याला त्याला घरदार आहेच. सकाळी एक बाई सांगे ते दुपारची बाई मोडी. जखमीजवळ कायम कोणी तरी एकच माणूस पाहिजे, ही गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली आणि त्यांनी गावातल्या सेंट फ्रान्सिसच्या धर्मभगिनींच्या मठाचे दार ठोठावले. मठाच्या प्रमुख मदर आल्फ्रेड यांना ते म्हणाले, तुमच्यापैकी कोणी तरी येऊन हे सगळे ताब्यात घ्या. सिस्टर्स आल्या. त्या शिक्षिका होत्या. शुश्रूषेचे शिक्षण त्यांतल्या एकीचेही झालेले नव्हते.

मदर आल्फ्रेड ही बाई कोण, हे थोडे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे तिच्या स्वभावातून निघाले आहे. मूळ नाव मारिया कॅथरिन मोस. जन्म १८२८ साली युरोपातल्या लक्झेंबर्ग ह्या चिमुकल्या देशात, रेमिक गावी. १८५१ साली ती सख्ख्या बहिणीसह अमेरिकेला आली. दोघींना धर्मकार्यात पडायचे होते, पण मदर आल्फ्रेडचा पाय एका ठिकाणी ठरेना. एका संघात राहिली, तो सोडला. दुसऱ्यात गेली, तोही सोडला. इलिनॉय राज्यात जोलिएट येथे स्वतःच एक संघ उभा केला आणि तिथूनही वरिष्ठांशी न पटून बाहेर पडली. १८७७ साली रॉचेस्टरला नवा संघ काढला. इमारती बांधण्याचा तिला विलक्षण नाद होता. अशा माणसाला आपल्याकडे घरचे लोक 'हिच्या पायाला भिंगरी आहे' म्हणतात आणि शेजारी 'हिला कोणाचे ऐकून घ्यायला नको' म्हणतात. दोन्ही खरे असते. आज्ञापालन ही धर्मभगिनीची पहिली प्रतिज्ञा, आणि मदर आल्फ्रेडच्या साऱ्या आयुष्याकडे पाहिले तर ती प्रतिज्ञा तिला सर्वांत जड गेली असावी असे मला वाटते.

वादळाचे जखमी बरे होऊन घरी गेले. नाचघरात पुन्हा नाच सुरू झाले. आणि मदर आल्फ्रेड डॉ. मेयोंकडे गेल्या व म्हणाल्या, ह्या गावात एक इस्पितळ पाहिजे; आम्ही बांधतो, तुम्ही चालवा.

डॉक्टरांनी नकार दिला. त्यांची कारणे त्या काळाच्या मानाने अगदी शहाणपणाची होती. गाव लहान. इस्पितळाला पैसा मुबलक लागतो. आणि मुख्य म्हणजे लोक येणार नाहीत. इस्पितळ ही मरायला जाण्याची जागा, अशीच समजूत सर्वत्र होती. आपल्याकडेही 'दवाखान्यात नेला' हे वाक्य पुष्कळ वर्षे 'आता आशा नाही' ह्या अर्थाने बोलले जाई. ज्याला घर आहे, माणसे आहेत, तो घरीच दुखणे काढी. इस्पितळात जाई तो निराधार. तेव्हा घर असलेला शेतकरी आपल्याकडे कशाला येईल, असा डॉक्टरांचा सवाल होता.

मदर आल्फ्रेडने ह्यातल्या एकाही मुद्द्याला उत्तर दिले नाही. तिने विचारले, किती पैसे लागतील? डॉक्टरांनी घाबरवण्यासाठीच जणू मोठा आकडा सांगितला: ४० हजार डॉलर. बाई म्हणाली, तुम्ही इस्पितळ चालवण्याचे वचन द्या, पैसे आम्ही उभे करू. डॉक्टरांनी वचन दिले. ती वेळ येणार नाही अशी त्यांची खात्री असावी.

मठात अशी आख्यायिका आहे की रॉचेस्टर हे रोग्यांचे तीर्थक्षेत्र होणार असा मदर आल्फ्रेडला दृष्टान्त झाला होता. असेल. मला मात्र त्या दृष्टान्तापेक्षा ४० हजार डॉलरचा हिशेब अधिक विलक्षण वाटतो. कारण हा पैसा कोणा धनिकाने दिला नाही, सरकारने दिला नाही. गावोगावच्या शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर्सनी तो साठवला. कोणी पियानोच्या शिकवण्या केल्या, कोणी भरतकाम शिकवले, कोणी भरतकाम करून विकले. खाण्याला कात्री, कपड्याला कात्री. ज्यांचे स्वतःचे म्हणून जगात काही नाही त्यांनी आणखी काय कमी करावे? पण केले. असे चार वर्षे चालले. १८८७ साली गावाच्या पश्चिमेला नऊ एकर जमीन घेतली, तेव्हा कुठे डॉक्टरांच्या लक्षात आले की बाई बोलली ते करते आहे. मग तेही मागे हटले नाहीत. थोरल्या मुलाला घेऊन ते पूर्वेकडच्या मोठ्या शहरांतली इस्पितळे पाहून आले. इमारत कशी असावी, उजेड कुठून यावा, ह्यात त्यांनी स्वतः लक्ष घातले.

एक गोष्ट सहज आठवते म्हणून सांगतो. रॉचेस्टरला वादळ झाले त्याच्या दोनच महिने आधी, जून १८८३ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. इकडे सिस्टर्स डॉलराला डॉलर जोडत होत्या ती हीच वर्षे. ह्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण बाईमाणसाने वैद्यकाच्या उंबरठ्यात पाऊल टाकण्याची किंमत काय होती, हे दोन्हींवरून सारखेच कळते.

इस्पितळ उघडले १८८९ च्या सप्टेंबरअखेर. तीन मजली लाल विटांची इमारत, खाटा २७. पहिली शस्त्रक्रिया ३० सप्टेंबरला झाली. रोग्याच्या डोळ्याला कर्करोग होता. धाकट्या चार्ल्सने शस्त्र चालवले, विल्यमने हाताखाली मदत केली, आणि म्हाताऱ्या बापाने भूल दिली. शस्त्रक्रियेचे टेबल चार्ल्सने स्वतः तयार करवले होते असे सांगतात.

सिस्टर्सचे हाल मात्र कोणाला सांगू नयेत असे होते. खाटा पुरेशा नाहीत, दिवे नाहीत. रात्री वॉर्डातून कंदील घेऊन फिरायचे. दिवसभर उभे राहायचे, स्वयंपाक, धुणे, फरशा, रोगी सगळे त्यांच्याच अंगावर, आणि रात्री जिथे जागा सापडेल तिथे जमिनीवर अंग टाकायचे. पहाटे प्रार्थना चुकवायची नाही. परवापर्यंत ह्या बायका मुलांना पाढे आणि नकाशे शिकवत होत्या!

आणि ज्या मदर आल्फ्रेडने हे सगळे घडवून आणले तिच्या हातून संघाचे प्रमुखपद त्याच १८८९ साली गेले. दुसऱ्या मदरची निवड झाली. इस्पितळ उभे राहिले आणि बाई बाजूला झाली. पुढे दहा वर्षांनी, १८९९ च्या डिसेंबरात, ती वारली. तिच्या चरित्रातली ही जागा वाचताना मी नेहमी थांबतो. पण संस्था काढणारी माणसे आणि संस्था चालवणारी माणसे एका मातीची नसतात, हे आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांच्या इतिहासातही आपण पुष्कळ पाहिले आहे.

आता डॉक्टरांनी घातलेली भीती खरी का ठरली नाही, ते पाहू. लोक इस्पितळात मरत, ते बहुधा मूळ दुखण्याने मरत नसत. शस्त्रक्रियेची जखम चिघळून मरत. इंग्लंडातल्या लिस्टर नावाच्या शस्त्रवैद्याने १८६० नंतरच्या दशकात दाखवून दिले की जखमेत सूक्ष्म जंतू जाऊ दिले नाहीत तर जखम चिघळत नाही. त्याने कार्बोलिक आम्ल वापरले. पुढे उकळत्या पाण्याने आणि वाफेने उपकरणे, कापड, सारे निर्जंतुक करण्याची पद्धत आली. हे ज्ञान पुस्तकात असणे वेगळे आणि रोज पहाटे चार वाजता उठून प्रत्येक फडके, प्रत्येक भांडे, प्रत्येक हात त्याप्रमाणे धुतला गेला की नाही हे पाहणे वेगळे. शस्त्रवैद्य हुशार असून भागत नाही. त्याच्या मागे कंटाळा न करणारी माणसे लागतात. मठात वर्षानुवर्षे घंटेवर उठणाऱ्या, घंटेवर जेवणाऱ्या बायकांना ही शिस्त नवी नव्हती. मेयो बंधूंनी नवी पद्धत आणली आणि सिस्टर्सनी ती एक दिवसही ढिली पडू दिली नाही. रोगी इस्पितळात जातात आणि चालत परत येतात, हे आसपासच्या शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. मग आगगाडीने लांबलांबचे रोगी येऊ लागले, आणि त्यांच्या मागोमाग ही काय जादू आहे ते पाहायला बाहेरचे डॉक्टर.

सिस्टर्सना शिकवायला गावात एकच प्रशिक्षित नर्स होती, ईडिथ ग्रॅहम. शिकागोहून नुकती शिकून आलेली तरुण मुलगी. भूल देण्याचे कामही पुढे तीच करी. १८९३ साली तिचे चार्ल्स मेयोशी लग्न झाले. तिच्या शिष्यांमध्ये एक होत्या सिस्टर जोसेफ, आणि ह्यांच्यापाशी आपल्याला जरा जास्त वेळ थांबायचे आहे.

मूळ नाव ज्युलिया डेम्पसी. आयरिश आईबापांची मुलगी, जन्म १८५६. केंटकी राज्यात एका शाळेत शिकवत असताना १८८९ साली त्यांना निरोप आला: इस्पितळावर या. वय ३३. त्यांची स्वतःची इच्छा कोणी विचारली नसावी. सुरुवातीच्या दिवसांतली एक हकिकत सांगतात. एका पुरुष रोग्याला तपासायचे होते, अंगावर कपडा नव्हता. सिस्टर जोसेफ लाजेने कोपऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आपल्याकडून हे काम होणार नाही असे त्यांना वाटले. आपल्याकडच्या पहिल्या नर्सबायांच्या आठवणी ज्यांनी घरात ऐकल्या असतील त्यांना ह्यात हसण्यासारखे काही वाटणार नाही. पण ह्याच सिस्टर जोसेफ थोड्याच आठवड्यांत मुख्य परिचारिका झाल्या, १८९० पासून डॉ. विल्यम मेयोंच्या शस्त्रक्रियेत पहिल्या मदतनीस म्हणून उभ्या राहू लागल्या, आणि १८९२ पासून साऱ्या इस्पितळाच्या अधीक्षक. अधीक्षकपद त्यांनी ४७ वर्षे सांभाळले.

शस्त्रक्रियेतला पहिला मदतनीस म्हणजे हत्यारे हातात देणारा माणूस नव्हे, बरं का. पोट उघडल्यावर आतडी बाजूला धरणे, रक्ताची धार दाबणे, डॉक्टरचा हात पुढे कुठे जाणार ते आधी ओळखून जागा मोकळी करणे, हे सगळे त्याचे काम. ते बहुधा डॉक्टरच करतात. इथे २५ वर्षे, १९१५ पर्यंत, ते एका धर्मभगिनीने केले. पाहायला आलेल्या डॉक्टरांना विल्यम मेयो मुख्य काम झाल्यावर रोगाची माहिती समजावून सांगत उभे राहात आणि तोवर सिस्टर जोसेफ जखम शिवून काढीत, असे सांगतात. आपल्या सर्व मदतनिसांत विल्यम मेयो त्यांना पहिला क्रमांक देत.

आता एक वैद्यकातली गोष्ट, जी मला ह्या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. पोटाची शस्त्रक्रिया करण्याआधी रोग्याचे पोट साबणाने आणि औषधाने घासून स्वच्छ करावे लागते. हे काम नर्सचे. ते करताना सिस्टर जोसेफच्या बोटांना काही रोग्यांच्या बेंबीत एक टणक गाठ लागे. दिसायला क्षुल्लक, रोग्याची तक्रार भलतीच, जठराची किंवा आणखी कसली. पण पोट उघडून पाहिले की अशा रोग्यांमध्ये आत कर्करोग पसरलेला सापडे, आणि शस्त्रक्रियेचा उपयोग नसे. हे एकदा घडले, दोनदा घडले. बाईंनी मनात नोंद ठेवली आणि डॉक्टरांना सांगितले. कारण असे की जठर, आतडी, बायकांमध्ये अंडाशय, अशा पोटातल्या अवयवांचा कर्करोग पसरत पसरत बेंबीपर्यंत पोचू शकतो, आणि तिथे तो त्वचेखाली हाताला लागतो. म्हणजे आतले गुपित बाहेर, बोटाच्या पेरावर कळते. आज अनेक तपासण्या आहेत. त्या काळी अशी एखादी खूण म्हणजे रोग्याला एका निरर्थक कापाकापीतून वाचवणे होते. डॉ. विल्यम मेयोंनी १९२८ साली ह्या गाठीविषयी लिहिले. १९४९ साली हॅमिल्टन बेली ह्या इंग्रज शस्त्रवैद्याने आपल्या पाठ्यपुस्तकात तिला नाव दिले: 'सिस्टर जोसेफची गाठ'. तेव्हा बाईंना जाऊन दहा वर्षे झाली होती. वैद्यकाच्या पुस्तकांत डॉक्टरांच्या नावाचे रोग आणि खुणा शेकड्यांनी आहेत. नर्सच्या नावाच्या विरळा. आपल्याकडच्या वैद्यकीय कॉलेजांतही मुले हे नाव आजही पाठ करतात. ती सिस्टर कोण, कुठली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

ह्या साऱ्यात सोपे काहीच नव्हते. गाव बहुतांशी प्रॉटेस्टंट, आणि १८९० च्या सुमारास अमेरिकेत कॅथलिकांविरुद्ध मोठी हवा उठली होती. मेयो स्वतः कॅथलिक नव्हते. जोगिणींच्या इस्पितळात आपले लोक का पाठवता, असे त्यांना विचारले जाऊ लागले. १८९२ साली गावात दुसरे इस्पितळ निघाले, त्याला मेयोंनी आपले रोगी द्यावेत असा आग्रह झाला. ते गेले नाहीत. सिस्टर्सच्या बाजूने पाहिले तर, इस्पितळ कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही ऐपतीच्या माणसाला खुले राहील हे मदर आल्फ्रेडने पहिल्यापासून ठरवून टाकले होते. तीन वर्षांत ते दुसरे इस्पितळ बंद पडले.

आणि कागदपत्र? इथे माझ्यासारख्या कागदांवर विसंबणाऱ्या माणसाची पंचाईत होते. इमारत सिस्टर्सची, पैसा सिस्टर्सचा, कारभार सिस्टर्सचा; रोगी आणि शस्त्रक्रिया मेयोंच्या. दोन्ही बाजूंचे सर्वस्व एकमेकांत गुंतलेले. तरी १८८३ सालच्या त्या तोंडी बोलण्यावर ही भागीदारी जवळजवळ शंभर वर्षे चालली. आपल्याकडे दोन सख्खे भाऊ एका विहिरीच्या पाण्यासाठी कोर्टाची पायरी चढतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. मला वाटते, ह्याचे एक कारण अगदी साधे होते: दोघांनाही दुसऱ्याचे काम येत नव्हते, आणि ते दोघांनाही पुरते ठाऊक होते.

सिस्टर जोसेफच्या कारकिर्दीत इस्पितळ वाढत गेले. १८९४ पासून एकामागून एक नव्या इमारती जोडल्या गेल्या. १९०६ साली परिचारिकांचे विद्यालय निघाले. १९२२ साली शस्त्रक्रियांसाठी मोठी स्वतंत्र इमारत झाली. खाटांची संख्या सहाशेच्या घरात गेली. १९३९ च्या मार्चअखेर सिस्टर जोसेफ वारल्या. दोन महिन्यांनी, २६ मे रोजी, चार्ल्स मेयो गेले. आणखी दोन महिन्यांनी, २८ जुलैला, विल्यम. पन्नास वर्षे एका टेबलाभोवती उभी राहिलेली माणसे एका उन्हाळ्यात संपली.

त्यानंतरचा इतिहास आपण भरभर पाहू. तो अमेरिकेतल्या सगळ्याच धर्मभगिनींच्या इस्पितळांचा इतिहास आहे. महायुद्धानंतर मठात येणाऱ्या मुली कमी होत गेल्या. वैद्यक महाग आणि यंत्रांचे झाले. परिचारिकांचे विद्यालय १९७० साली बंद झाले. १९७१ ते १९८१ ह्या काळात सिस्टर जेनेरोज जर्वे ह्या इस्पितळाच्या प्रमुख होत्या, आणि त्या पदावरच्या त्या शेवटच्या धर्मभगिनी. १९८६ साली सेंट मेरीज, गावातले मेथडिस्ट पंथाचे इस्पितळ आणि मेयो क्लिनिक ह्या तिन्ही संस्था एकत्र झाल्या. म्हणजे ४० हजार डॉलर साठवून उभे केलेले इस्पितळ सिस्टर्सनी आपण होऊन दुसऱ्याच्या छत्राखाली दिले. लिखापढी झाली ती तेव्हा! त्याच वेळी एक विश्वस्त मंडळ नेमले गेले. फ्रान्सिसच्या पंथाची म्हणून जी रीत इस्पितळात चालत आली आहे ती सांभाळणे, एवढेच त्याचे काम. आता असे मंडळ नेमून रीत टिकते का, हा प्रश्न रास्त आहे. जे रोज अंगावर वागवणारी माणसे होती तोवर ते सांभाळायला मंडळ लागले नव्हते. आज त्या आवारात हजारावर खाटा आहेत आणि वॉर्डातून जाणारी सिस्टर क्वचितच दृष्टीस पडते.

सिस्टर जेनेरोज निवृत्त झाल्या तरी घरी बसल्या नाहीत. इस्पितळ कितीही धर्मबुद्धीने चालवले तरी हिशेब जुळला पाहिजे, ह्याबद्दल त्या फार कडक होत्या. आणि ज्याला बिल भरता येत नाही असा रोगी दारातून परत जाऊ नये, ह्याबद्दलही तितक्याच. १९८३ साली त्यांनी गरजू रोग्यांसाठी एक निधी काढला. त्याचे नाव 'पोव्हेरेलो'. इटालियन भाषेत त्याचा अर्थ 'लहानगा गरीब'. असिसीच्या संत फ्रान्सिसला लोक लाडाने ह्याच नावाने हाक मारीत. ह्या निधीसाठी सिस्टर जेनेरोज स्वतः फळे आणून, शिजवून, बरण्या भरभरून जॅम आणि जेली करीत आणि विकायला ठेवीत. २०१६ साली त्या वारल्या तेव्हा ९७ वर्षांच्या होत्या.